रांगेतल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीर लिहिते आहे. मी तुम्हाला आठवत असेन असं नाही, कारण तुमचं पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं वेळापत्रक तुम्ही मागेल त्याला दाखवत होतात. चित्रपट महोत्सवाला पहिल्यांदाच आलेली, गळ्यात पास आणि हातात जाडजूड कॅटलॉग घेऊन गोंधळलेली ती मुलगी म्हणजे मी.

माझं वेळापत्रक बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "आणि जेवणार कधी?" मग पेन्सिल काढून पहिली काट मारलीत ती उद्घाटनाच्या चित्रपटावर. नावाजलेले, बक्षिसं मिळवून आलेले चित्रपट पुढेमागे थिएटरात लागतात, नाहीतर घरबसल्या दिसतात. ज्यांना वितरक मिळालेला नाही, ते कदाचित इथल्या एक-दोन खेळांपुरतेच. "आधी ते बघ," म्हणालात. दोन चित्रपटांमध्ये तासभर मोकळाही ठेवायला लावलात. दिग्दर्शकाबरोबरची प्रश्नोत्तरं लांबली की पुढची रांग हुकते, हे वेळापत्रकात कुठे छापलेलं असतं?

सगळ्यात मोठे आभार मूकपटासाठी. सिंहावलोकन विभागातला, म्हणजे जुन्या चित्रपटांच्या विभागातला, तो खेळ मी स्वतःहून कधीच निवडला नसता. मूकपट म्हणजे तुरुतुरु पळणारी माणसं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती पळतात ती आपल्यामुळे, असं तुम्ही सांगितलंत. त्या काळी कॅमेऱ्याचा वेग पक्का ठरलेला नव्हता, सेकंदाला १६, १८, २० फ्रेम्स असं काहीही चालायचं. आवाज आल्यावर २४ हा आकडा कायम झाला, आणि जुनी रिळं त्या वेगाने फिरवली की माणसं धावत सुटतात. इथे मात्र नव्याने दुरुस्त केलेली प्रत योग्य वेगाने दाखवली. पडद्यावरची बाई सावकाश वळली, थांबली, आणि तिने खरोखर विचार केला! पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे का, अशी मागे कुणाची तरी कुजबुज चालली होती. मूकपटाचं चित्रच जवळपास चौरस असतं, हे मला तोवर तुमच्याकडून कळलेलं होतं. मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट आज शिल्लकच नाहीत. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच सडायची. हे ठाऊक असल्यावर समोर दिसणारी प्रत्येक चौकट जरा जास्तच डोळे उघडून बघितली जाते.

रांगेतल्या गप्पा तर वेगळाच खेळ. व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झाला. पुढे त्यावर मुसोलिनीच्या राजवटीची छाया पडली आणि १९३८ च्या पुरस्कारांवर फ्रेंच मंडळी चिडली, त्यातून फ्रान्समधल्या कान शहरातल्या महोत्सवाचा घाट घातला गेला. तो सुरू व्हायच्या दिवशीच, १ सप्टेंबर १९३९ ला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, आणि कानला १९४६ पर्यंत थांबावं लागलं. हे सगळं तुम्ही कालच घडल्यासारखं सांगत होतात. मागचे लोक पुढे सरका म्हणून ओरडत होते. (खुर्च्यांवर पिशव्या ठेवून जागा अडवणाऱ्यांबद्दल तुम्ही जे बोललात, ते इथे लिहीत नाही.)

चित्रपट अर्धवट सोडून उठण्याचा तुमचा नियम मी लगेच उचलला: वीस-पंचवीस मिनिटं द्यायची, नाही जमलं तर निमूट उठायचं; पण दिग्दर्शक सभागृहात असेल तर शेवटपर्यंत बसायचं. तो पाळून मी दोनदा उठले, आणि एकदा एका कंटाळवाण्या चित्रपटाला बसून राहिले. नंतरच्या प्रश्नोत्तरांत त्या दिग्दर्शिकेने, पैसे संपल्यामुळे शेवटचा भाग एकाच खोलीत कसा उरकला, ते इतकं मोकळेपणाने सांगितलं की चित्रपटापेक्षा तेच जास्त आवडलं.

एक मात्र राहिलं. समारोपाच्या चित्रपटाला तुम्ही "नुसती छायाचित्रणाची करामत" म्हणालात आणि गर्दीत दिसेनासे झालात. मला ते अजिबात पटलेलं नाही. त्या लांबलचक शॉटमध्ये कॅमेरा हलत नाही, कारण मुलगा दार उघडेल की नाही हे त्याच्या आईलाही माहीत नसतं. पुढच्या वर्षी भेटा, यावर नीट भांडू.

तुमची,
रांगेत मागे उभी असलेली