मुंबईतही दव पडतं, बाबा

बोरिवली,
८ जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर म्हणालात, "तुमच्या मुंबईत कसली आलीय थंडी!" फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आता तेवढी थंडी नाही, मान्य. पण कुलाब्याला जसा समुद्र रात्रभर उबेत ठेवतो, तसं आम्हाला इथे कोणी ठेवत नाही. पाठीशी नॅशनल पार्कचं जंगल. आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की पहाटे सोसायटीची बाग भिजलेली असते.

गंमत म्हणजे दव सगळीकडे नसतं. मोकळ्या हिरवळीवर तळवे ओले होतात आणि चार पावलांवर बदामाखाली गवत कोरडं ठाक. उघडी जमीन रात्री आपली ऊब आभाळाला देऊन बसते, झाडाखालची ऊब फांद्या अडवून धरतात. गाड्यांचंही तसंच. उघड्यावरच्या गाड्यांच्या काचांवर पोरं शाळेच्या बसची वाट बघत बोटाने नावं लिहितात. कोणाकोणाची जोडतातही.

आई, तू सांगतेस तशी मी अनवाणी चालते. डोळ्यांचं माहीत नाही, पाय मात्र गारठतात. मेंदीच्या कुंपणावर किती कोळी राहतात ते याच वेळी कळतं. जाळ्याच्या आतल्या गोल फेऱ्यांवर थेंब दाटीने बसलेले, बाहेरच्या ताणलेल्या धाग्यांवर तुरळक. चिकट धागा ओल जास्त धरतो. आणि कर्दळीच्या रुंद पानावर एक शिंजीर येतो, अंगठ्याएवढा, पानावरच्या पाण्यात चक्क लोळून अंघोळ करतो. ऊन डोंगरामागून यायला साडेसात होतात, तोवर हे सगळं बघून घ्यायचं. मग माळीकाका पाइप घेऊन येतात आणि कोळी, शिंजीर, सगळ्यांचीच पळापळ.

आता तुमच्याशी भांडण, बाबा. अळूच्या पानाच्या टोकाला सकाळी जो थेंब लोंबतो, तो दव नव्हे. माझी अळूची कुंडी खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे, वर पत्रा, तिथे दव पोचतच नाही. तरी संध्याकाळी भरपूर पाणी घातलं की सकाळी पानाच्या टोकाला थेंब हजर! रात्री मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि हवा दमट असली की ते वाफ होऊन उडत नाही, पानाच्या टोकाशी बारीक छिद्रातून बाहेर येतं. एक थेंब पडला की थोड्या वेळाने दुसरा फुगायला लागतो. खाली वाटी ठेवून बघा, मग बोला. वाल दवावर पोसतात हे तुमचं म्हणणं मी अजून खोडलेलं नाही, तेवढं लक्षात घ्या.

तुम्ही पहाटेच कलमांचा मोहोर बघायला जाता, असं आईकडून कळलं. धुकं पडलं की तुडतुड्यांची काळजी वाटणारच, पण कानटोपी घालून जा आणि बांधावरून नको, निसरडं असतं. मोहोर घरी बसून काळजी केल्यानेही तेवढाच टिकेल.

फवारणी उरकली की दोघं आठ-दहा दिवस इकडे या. बागेत बाक आहेत, गुडघ्यांना त्रास नाही. येताना कडवे वाल आणा, सोलायला मी आणि शेजारच्या काकू आहोत.

तुमची,
धाकटी