हे पत्र तुमच्याबद्दलच आहे, काका

ति. काका,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालायचं नाही ही तुमची अट मी पाळते आहे. पण त्यामुळे काय होणार, ते आधीच सांगून ठेवते. १९७०च्या आसपास शिकायला अमेरिकेत आलेले, घरात अजून चालू रेकॉर्ड प्लेअर असलेले आणि समोरच्याला मध्येच अडवून ‘थांब, आधी ऐक’ म्हणणारे निदान चार काका आमच्या ओळखीत आहेत. चौघांनाही हे पत्र आपल्यालाच आहे असं वाटणार. त्यातला एखादा फोन करून माझेच आभार मानेल. आणि तुम्ही मात्र वाचून म्हणाल, ‘छे, हा दुसराच कोणीतरी असेल.’

म्हणजे गाण्याच्या बरोबर उलटं झालं.

ज्यांना आमचा हा गोंधळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. कार्ली सायमन या अमेरिकन गायिकेचं ‘यू आर सो व्हेन’ १९७२च्या नोव्हेंबरात आलं आणि १९७३च्या जानेवारीत तीन आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. स्वतःवर भाळलेल्या एका पुरुषाची ती त्यात यथेच्छ हजेरी घेते आणि वर त्याला सुनावते की हे गाणं आपल्यावरच आहे असं तुला वाटत असणार. आता ज्याच्यावर ते आहे त्याला तसं वाटलं, तर तो बिचारा बरोबरच आहे की! तरी टोमणा खायचा तो खायचाच. तो पुरुष कोण, हे विचारत लोकांनी पन्नास वर्षं काढली. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे त्याचं नाव ‘नो सीक्रेट्स’, हे तुम्ही पहिल्याच रविवारी आम्हाला हसत हसत दाखवलं होतं.

२०२४च्या वसंतात माझ्या लेकीला शाळेतून काम मिळालं: एक जुनं गाणं निवडा आणि तीन पिढ्यांना विचारा, ते कधी ऐकलं, कुठे ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं. तिने हे गाणं निवडलं, कारण टेलर स्विफ्टने २०१३ साली भर स्टेडियममध्ये कार्ली सायमनला सोबत घेऊन ते गायलं होतं आणि तो व्हिडिओ तिला पाठ आहे. ‘गाणं कोणावर आहे ते ओळखणं हे तर आमचं रोजचंच काम,’ असं ती मला म्हणाली. पंचाईत तिसऱ्या पिढीची होती. आमच्या घरच्या आजी-आजोबांपर्यंत हे गाणं पोचलेलंच नव्हतं. म्हणून तुमचं दार वाजवलं.

दारातच मी माझं ज्ञान पाजळलं. ‘काका, फार वेळ नाही घेणार. तो हॉलिवूडचा नट वॉरन बेटी आहे, मी शोधून ठेवलंय.’ तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीला विचारलंत, ‘तू ऐकलंयस का नीट?’ ती म्हणाली, खूपदा. ‘कशावर?’ तिने फोन दाखवला. तुम्ही तिला आत नेऊन जमिनीवर बसवलंत, मला खुर्ची दिलीत आणि सुई टेकवलीत.

त्या दिवशी एक तासात आम्ही जेमतेम सव्वाचार मिनिटांचं गाणं ऐकलं. सुरुवातीचा तो बेस गिटार, एकटाच, दबकत येणारा. तो वाजवणारा क्लाउस फुरमन म्हणजे बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बमचं मुखपृष्ठ काढणारा चित्रकार, हे ऐकून लेकीने वहीत दोन रेघा ओढल्या. मग कार्लीची कुजबुज. मग धृपदामागचा पुरुषाचा आवाज. तो ओळख म्हणून तुम्ही सुई सहा वेळा मागे नेलीत. तिला तो आवाज सापडला, माणूस नाही सापडला. वेष्टनावर त्याचं नावच नाही. लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत गायक हॅरी निल्सन साथ करायला उभा होता, रोलिंग स्टोन्सचा मिक जॅगर येऊन त्यात मिसळला आणि तुमचं दोघांचं छान जमतंय म्हणत निल्सन बाजूला झाला, ही गोष्ट तुम्ही अशी सांगितलीत जणू दाराशी चपला सांभाळत तुम्हीच उभे होता.

लेक म्हणाली, मग तो जॅगर नसणार. स्वतःलाच शिव्या घालणाऱ्या गाण्यात कोण साथ देईल? तुम्ही म्हणालात, ‘स्वतःवर लट्टू असलेला माणूस तेही करेल. पण कार्ली स्वतः नाही म्हणते, तेव्हा सोडून देऊ.’

तुमची स्वतःची आठवण तुम्ही दुसऱ्या रविवारपर्यंत राखून ठेवलीत. १९७३चा हिवाळा, रात्रपाळीची प्रयोगशाळा, कोपऱ्यात रेडिओ. इंग्रजी पुस्तकात वाचलेलं, कानावर न पडलेलं. दिवसभर रक्ताचे नमुने हाताळणाऱ्या तुम्हाला ‘व्हेन’ म्हणजे शीर एवढंच ठाऊक. बाई कोणाला तरी ‘तू किती शीर आहेस’ असं म्हणते आहे, या समजुतीत तुम्ही महिनाभर होतात. मी हे लिहिताना पाहते आहे, तर आपल्या लिपीत शीर, आत्मप्रौढ आणि ‘कधी’ हे तिन्ही इंग्रजी शब्द एकसारखेच उमटतात. तुमचं काही चुकलं नव्हतं, काका.

मग त्या शब्दाला मराठी काय, यावर आपलं जुंपलं. मी ‘आढ्यताखोर’ म्हटलं. तुम्ही म्हणालात, आढ्यता दुसऱ्याला दाखवायला लागते, याला दुसरा कोणी लागतच नाही, आरसा पुरतो. ‘नटवा’ हलका पडला, ‘अहंकारी’ फार पुराणातला वाटला. शेवटी लेकीनेच तिच्या मोडक्या मराठीत ‘सेल्फीवाला’ असं सुचवलं आणि तुम्ही तो शब्द मान्य करून टाकलात. मला तो अजूनही पटलेला नाही.

संशयितांची यादी तुम्ही तिच्याकडूनच करून घेतलीत. बेटीने स्वतः फोन करून गाण्याबद्दल आभार मानले, हे कार्लीनेच सांगितलेलं. ते कळल्यावर मायलेकी दोघी हसून लोळलो. त्याच्या आडनावावर तर आधीच हसून झालं होतं. गायक जेम्स टेलर? त्याच्याशी तिचं लग्न त्याच नोव्हेंबरात झालं आणि तो नव्हे, हेही तिने सांगून टाकलं. २००३ साली डिक एबरसोल या टीव्हीवरच्या बड्या माणसाने मदतनिधीच्या लिलावात ५०,००० डॉलर मोजून ते नाव ऐकलं. कोणाला सांगणार नाही या बोलीवर. बाहेर फुटलं ते फक्त एक इंग्रजी अक्षर: ई. पुढे कार्लीने आणखी दोन दिली, ए आणि आर. लेकीने कागदावर मांडून पाहिलं, तर ती तिन्ही अक्षरं बेटीच्या पूर्ण नावात आहेत, जॅगरच्या आहेत, टेलरच्याही आहेत! तुम्ही तिच्या हातातली पेन्सिल घेतलीत, खाली आपलं नाव इंग्रजीत लिहिलंत आणि तिन्ही अक्षरांना शांतपणे गोल केलेत. ‘म्हणजे मी पण आलो.’ (आता चारही काका आपापलं नाव तपासून बघणार.)

तिसऱ्या रविवारी तुम्ही अचानक माझ्याकडे वळलात. ‘आणि तुझं काय?’ मी म्हटलं, माझं काही नाही, मी आपली गाडी चालवायला आले आहे. तुम्ही गप्प राहिलात. तुमचं ते गप्प राहणं फार वाईट असतं, समोरच्याला बोलावंच लागतं. मग मी सांगितलं. २००१ साली मी इथे नवी आले तेव्हा जॅनेट जॅक्सनचं एक गाणं रेडिओवर सारखं लागायचं, त्यात हाच बेस आणि हेच धृपद. ते जॅनेटचंच असं मी धरून चालले होते, त्यात मध्येच बोलणारी बाई म्हणजे मूळ गाण्याची मालकीण हे मला कितीतरी नंतर कळलं. कामावरून परतल्यावर मी गाडी लावायचे, पण ते गाणं संपेपर्यंत उतरायचे नाही. ते संपलं की पुढचं संपेपर्यंत. वर कोणी नव्हतं ना. लेक लिहिता लिहिता थांबली. ‘आई, किती दिवस?’ मी म्हटलं, असेल महिना-दोन महिने. ‘किती?’ तिने पुन्हा विचारलं. ‘डिसेंबरपर्यंत,’ मी म्हटलं. हे मी तिच्या बाबांनाही सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, कोणी विचारलं नव्हतं म्हणून.

या एका प्रश्नाबद्दल मला तुमचे आभार मानायचे आहेत. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

ग्रहणाची सहल त्यातच बसते. गाण्याच्या तिसऱ्या कडव्यातला तो गृहस्थ घोड्यांच्या शर्यतींना साराटोगाला जातो, त्याचा घोडा अर्थातच जिंकतो आणि मग स्वतःच्या जेट विमानाने खग्रास सूर्यग्रहण बघायला कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला. तुम्ही वहीत दोन तारखा लिहून दिल्यात: ७ मार्च १९७० आणि १० जुलै १९७२. दोन्ही ग्रहणं नोव्हा स्कोशियावरून गेली. पहिलं तुम्ही वसतिगृहाच्या आवारात पुठ्ठ्याला भोक पाडून खंडग्रास पाहिलं होतं. आणि ८ एप्रिल २०२४ला आमच्या जुन्या गाडीत, मागच्या सीटवर, मांडीवर स्वेटर घेऊन तुम्ही व्हरमाँटपर्यंत आलात. जेट नव्हतं. अंधार पडला तेव्हा मी मोबाइलवर गाणं लावायला निघाले होते. तुम्ही नुसता हात वर केलात. ती तीन मिनिटं आम्ही तिघं काहीच बोललो नाही.

परतताना रस्ता असा तुंबला होता की तासाला काही मैल. तिथे तुम्ही लेकीला कोडं घातलंत: साराटोगाचा शर्यतींचा गाजलेला हंगाम तेव्हा ऑगस्टचा. ग्रहण जुलैचं, नाहीतर मार्चचं. मग घोडा आधी जिंकला कसा? तिने गाडीतच ते कडवं तीनदा म्हणून पाहिलं आणि ओरडली, ‘पण ती ऐकलंय म्हणते! तिने पाहिलेलंच नाही!’ आरशात मला तुमचा चेहरा दिसत होता. एवढा आनंद तुम्हाला ग्रहणानेही झाला नव्हता.

मग तुम्ही म्हणालात की हे तुमचं डोकं नव्हे, काकूंचं. काकू १९७४ साली इथे आल्या, तेव्हा घरात ही एकच इंग्रजी रेकॉर्ड होती. दुपारभर एकट्या असायच्या आणि इंग्रजी सवयीचं व्हावं म्हणून तीच लावायच्या. तुम्ही, तुमचे मित्र, सगळे ‘तो कोण’ यावर वाद घालायचे. काकू म्हणायच्या, ‘तो’ नाही, ‘ते’. पहिल्या कडव्यात ती बघते, दुसऱ्यात भोगते, तिसऱ्यात ऐकते. एकाच माणसाबद्दल बाई अशी तीन तऱ्हांनी नाही बोलत. कोणी मनावर घेतलं नाही. कार्लीने पुढे कधीतरी तीन पुरुष असल्याचं सांगितलं आणि २०१५च्या नोव्हेंबरात दुसरं कडवं बेटीचं असल्याचं कबूल केलं. उरलेल्या दोघांची नावं दिली नाहीत. ते ऐकायला काकू राहिल्या नव्हत्या.

चौथ्या रविवारी लेक एकटीच तुमच्याकडे आली होती. मला काम होतं, मी तिला सोडून गेले. घ्यायला आले तेव्हा तुम्ही दोघं रेकॉर्डच्या आतल्या कागदी पाकिटाकडे बघत होतात आणि मला बघताच तुम्ही ते मिटलंत. गाडीत बसल्यावर तिने एवढंच सांगितलं की त्यावर काकूंच्या अक्षरात, पेन्सिलने, तीन नावं आहेत. एकापुढे एक. तारीखही आहे, १९७४ची.

‘दुसरं बरोबर आहे का?’ मी विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. शाळेला दिलेल्या ध्वनिफितीत हे नाही. तिच्या बाबांना माहीत नाही. मी तिला पिझ्झ्याचं आमिष दाखवलं, मग रागावून पाहिलं, मग तुमची ती युक्ती वापरली आणि गप्प राहिले. तीही गप्पच राहिली. तुमच्याकडून शिकली आहे.

५०,००० डॉलर माझ्याकडे नाहीत, काका. पण एखादं अक्षर तरी सांगा.

तुमची,
चौथ्या रविवारी न आलेली