सूचना : लहान मुलांसाठी दातांचे डॉक्टर निवडताना

सर्व पालकांना नमस्कार,

दिवाळीच्या सुट्टीत मुलांचे दात दाखवून घ्यायचा बऱ्याच जणांचा विचार आहे, म्हणून आधीच कळवत आहोत. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' म्हणून कृपया थांबू नका. दुधाच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडून लवकर काढाव्या लागल्या तर पक्क्या दातांना जागा पुरत नाही. पहिली तपासणी खरे तर पहिल्या वाढदिवसाच्या आतच व्हायला हवी.

डॉक्टर शक्यतो बालदंतरोगतज्ज्ञ बघा, म्हणजे बी.डी.एस. (दंतवैद्यकाची पदवी) झाल्यावर मुलांच्या दातांत एम.डी.एस. (पदव्युत्तर पदवी) केलेले. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहेत, खर्चही कमी येतो. वेळ मात्र काढून जा.

फोनवर एक गोष्ट जरूर विचारा : तपासताना आई-बाबांना जवळ बसू देता का? दीड-दोन वर्षांच्या मुलाला खुर्चीत एकटे झोपवायची गरज नसते. पालक आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, मूल पालकाच्या मांडीवर आणि त्याचे डोके डॉक्टरांच्या मांडीवर. रडले तरी आईचा चेहरा समोर दिसतो. पहिल्याच भेटीत बरेच रूट कॅनल सांगितले, तर एक्स-रे पाहून नीट समजून घ्या, दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.

आणि घरी 'डॉक्टर सुई टोचतील' ही भीती घालणे आजपासून बंद, ही कळकळीची विनंती.

चांगला अनुभव असलेल्यांनी दवाखान्याचे नाव व फी शनिवारपर्यंत ग्रुपवर टाकावी.

– पालक समिती