स्नोमोबील आण, पण आधी हौद्याचा रंग सांभाळ

प्रिय ऋचा,

अनेक आशीर्वाद.

मार्क्वेटहून सेकंडहँड स्नोमोबील, म्हणजे बर्फावर चालणारी ती स्कीवाली गाडी, आणायची, तीही आपल्या पिकअपमधून, हे कळल्याबरोबर बाबांनी "ट्रेलर भाड्याने घे" असा निकाल देऊन टाकला. मला ते पटत नाही. होटनपर्यंत शंभर मैलांचा बर्फाळ रस्ता, आणि ट्रेलर जोडून गाडी मागे घ्यायची तुला सवय नाही. पिकअपमध्येच घाल. फक्त हौद्याची, म्हणजे मागच्या सामान ठेवायच्या उघड्या भागाची, तयारी करून जा.

आपला एफ-१५० आहे २०१६चा, आणि फोर्डने २०१५च्या मॉडेलपासून या ट्रकचा हौदा ॲल्युमिनियमचा केला आहे. "मग गंजायची भीती नाही" असं तिथे तुला कुणीतरी सांगेलच. तांबडा गंज चढत नाही हे खरं. पण जिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमला टेकतो आणि मधे मिठाचं पाणी मुरतं, तिथे आधी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. रंगाला फोड येतात, फोड खरवडला की आत पांढरी पूड. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं, त्यामुळे मिठाला तोटा नाही. रंग शाबूत असेल तोवर धातू वाचतो. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या रंगखात्यात गेली, म्हणून मी हौद्याकडे बघते ती आधी रंगाकडेच.

स्नोमोबीलच्या वजनाची काळजी नको. पाचशे-साडेपाचशे पौंड या ट्रकला काहीच नाहीत. नुकसान करतात ती टोकं. स्कीच्या तळाला जी बारीक पट्टी असते तिच्यावर कार्बाइड हा फार कडक धातू बसवलेला असतो, आणि स्नोमोबील जुनी असेल तर तिला पुढे ढकलणाऱ्या खालच्या रबरी पट्ट्यात खिळेही ठोकलेले असतील. घ्यायच्या आधी विचारून घे. २०१६ साली शेव्हरोलेने एक जाहिरात केली होती, त्यात फोर्डच्या हौद्यात दगडी ठोकळे ओतून भोकं पाडून दाखवली होती. जाहिरात प्रतिस्पर्ध्याची, मान्य. पण टोकदार कोपऱ्यापुढे पातळ पत्र्याचं काय होतं ते दिसलं. म्हणून रॅम्पवरून वर आल्यावर थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) अजिबात नको. पट्टा जागच्या जागी फिरला की खिळे खालचं सगळं फाडतात. शेवटचे दोन-तीन फूट ढकलूनच आत न्यायची, किंवा छोट्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ओढायची.

आता हौद्यात काय घालायचं. आत्ता जे काळं प्लास्टिकचं लायनर (हौद्याच्या आतलं आवरण) बसवलेलं आहे ते काढून टाक. मला ते कधीच आवडलं नाही. वरून हौदा नवाकोरा दिसतो, आणि खाली वाळू अडकून गाडीच्या हादऱ्यांनी पॉलिश पेपरासारखी रंग घासत बसते. त्यात ओल कोंडते. शिवाय ते इतकं निसरडं आहे की ब्रेक मारला की वरची वस्तू सरकते. ज्यांच्याकडे फवारून बसवलेलं लायनर असतं त्यांचं बरं असतं, ते धातूला चिकटून असतं आणि खाली पाणी जात नाही. पण कार्बाइड त्यालाही कापतंच.

त्याऐवजी शेतीमालाच्या दुकानात घोड्यांच्या तबेल्यासाठी पाऊण इंच जाडीची रबरी मॅट मिळते ती घे. चार बाय सहा फुटांची मॅट जवळजवळ शंभर पौंड भरते, तेव्हा एकटीने उचलू नकोस. ती हौद्यात, आणि तिच्यावर प्लायवुड. चार फुटी प्लाय दोन चाकांच्या फुगवट्यांमधे बरोबर बसतो. त्याचे दोन तुकडे कर, एक हौद्यातला आणि एक फाळक्यावरचा, म्हणजे काम नसताना फाळका बंद करता येतो. कडांना घरातला कुठलाही ऑइलपेंट मार, नाहीतर प्लाय फुगेल. स्की जिथून सरकणार तिथे प्लास्टिकच्या पट्ट्या स्क्रूने बसव, पण स्क्रू आखूड घे. टोक खालून बाहेर आलं तर सगळी मेहनत फुकट. पुढच्या भिंतीला एक आडवी फळी लाव, म्हणजे स्कीचं नाक पत्र्यावर आपटणार नाही.

फाळका तारांवर लटकलेला असतो, त्यावर गाडी आणि माणूस एकदम चढवू नका. रॅम्प टेकतो तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा घाल आणि रॅम्प हिचला, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या आकड्याला, बांधून टाक, तो मागे निसटला की गाडी खाली येते. होटनला पोचल्यावर मात्र रॅम्पही लागणार नाही. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगाला ट्रक पाठ करून लाव आणि गाडी सरळ बाहेर काढ, तिथले लोक असंच करतात. फाळका उघडा असताना मागचा कॅमेरा फक्त जमीन दाखवतो, तेव्हा मैत्रिणीला मागे उभी कर.

बांधायच्या आधी स्कीखालचा बर्फ खरवडून काढ. तो वितळला की बांधायचे पट्टे सैल पडतात. पट्टे हौद्यातल्या कड्यांनाच अडकव, आणि जिथे ते रंगावर घासतील तिथे जुन्या जीन्सचा तुकडा घाल. थोडं अंतर गेलीस की थांबून पुन्हा आवळ.

आल्यावर ट्रक गरम गॅरेजमध्ये लावायचा मोह होईल. लावू नकोस. उणे तापमानात मीठ जवळजवळ निजलेलं असतं. उबेत बर्फ वितळून खारं पाणी सांध्यांमधे शिरतं आणि तिथे कामाला लागतं. वितळण्याचा दिवस आला की प्लाय आणि मॅट दोन्ही बाहेर काढ, पाइपने धू, कोपऱ्यातली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का बघ. उन्हाळ्यात मॅट हौद्यात ठेवायची नाही. ओरखडा पडलाच तर थंडीत टचअप करू नकोस, तो रंग धड वाळणार नाही. धुऊन, कोरडा करून वरून मेण लाव. मे महिन्यात घरी आलीस की प्रायमर मी मारीन.

रॅचेटचे चार पट्टे आपल्या गॅरेजमध्ये आहेत. बाबा शनिवारी कुरियर करतील, कुरकुरत का होईना. प्लायची मापं मात्र तू स्वतः टेप लावून घे, माझ्या आठवणीवर जाऊ नकोस.

तुझी,
आई