अणुभट्टीइतकीच तिच्या केबलचीही तपासणी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2047 पर्यंत 100 गिगावॉट अणुवीज हे उद्दिष्ट केंद्र सरकारने 2025 च्या अर्थसंकल्पात जाहीर केल्यापासून याविषयीची चर्चा किरणोत्सर्ग, भूसंपादन आणि भरपाई यांच्याभोवतीच फिरते आहे. वीज केंद्रात स्विचगियरच्या (वीजपुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सामग्रीच्या) देखभालीत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मला पुरवठा तोडणारे ब्रेकर, बिघाड ओळखून त्यांना इशारा देणारे रिले आणि केबल यांच्याविषयी लिहायचे आहे. अणुभट्टी बंद केली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते, ती वाहून नेण्यासाठी पंप चालू ठेवावे लागतात, आणि त्या पंपांना वीज पोचवणारी सामग्रीच सदोष असेल तर बाकी कितीही खर्च केलेला असो, तो ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

खानदेशाला हा विषय परका नाही. आपल्या भुसावळ, प्रकाशावरून वाहत जाणाऱ्या तापीच्या खोऱ्यातच, उकाईच्या खाली, काकरापारचे अणुवीज केंद्र आहे आणि नवापूरकरांना ते धुळ्यापेक्षा जवळ पडते. जून 1994 च्या अतिवृष्टीत तेथील टर्बाइन इमारतीत पाणी शिरून तळाची यंत्रसामग्री बुडाली होती.

आपल्या देशातला सर्वांत मोठा धडा मात्र उत्तर प्रदेशातील नरोऱ्याचा. 31 मार्च 1993 च्या पहाटे पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली, त्या हादऱ्यांनी जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि आग तेलातून केबलपर्यंत गेली. राखीव वीजपुरवठ्याची सोय होती. पण त्याच्या केबल मुख्य केबलच्या सोबतीनेच टाकलेल्या होत्या आणि मध्ये आग अडवेल असा पुरेसा अडसर नव्हता, त्यामुळे मुख्य आणि राखीव दोन्ही पुरवठे एकाच आगीत गेले. सुमारे 17 तास त्या युनिटमध्ये वीज नव्हती. धुरामुळे नियंत्रण कक्ष सोडावा लागला, डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांचे पाणी वापरून उष्णता काढावी लागली, आणि अणुभट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी अंधारात वर चढून बोरॉनयुक्त द्रावाचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. त्या माणसांचे ऋण देशाने मानायला हवे. नंतर केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेण्याचे काम झाले हे खरे, परंतु अमेरिकेत ब्राउन्स फेरी येथील अणुवीज केंद्रात 1975 मध्येच मेणबत्तीने हवेची गळती शोधताना फोम पेटून शेकडो केबल जळाल्या होत्या. म्हणजे हा धडा 18 वर्षे आधीच जगापुढे होता.

दुसरा दोष आपल्या शेतकऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. एक फेज गेला की मोटर जळते, हे रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला सांगावे लागत नाही. अमेरिकेतील बायरन अणुवीज केंद्रात 30 जानेवारी 2012 रोजी स्विचयार्डातला, म्हणजे बाहेरची वीज येते त्या आवारातला, इन्सुलेटर तुटून नेमका एक फेज गेला आणि तो ओळखण्याची सोयच संरक्षक रिलेंच्या रचनेत नव्हती, त्यामुळे असंतुलित वीज आतल्या यंत्रांना मिळत राहिली. सुमारे आठ मिनिटांनी चालकांनी स्वतः ब्रेकर उघडून तो पुरवठा तोडला, तेव्हा कुठे डिझेल जनित्रांनी भार घेतला.

या दोन घटनांत निदान दोष उघड झाला. कागदावर लपलेला दोष मला अधिक घातक वाटतो. दक्षिण कोरियात 2013 मध्ये नियंत्रण केबलच्या चाचण्यांचे खोटे अहवाल सापडले आणि चालू अणुभट्ट्या थांबवून केबल बदलाव्या लागल्या. आमच्या कामात केबलचे इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचे वीजरोधक वेष्टन, किती शाबूत आहे हे मेगर नावाच्या उपकरणाने मोजतात. वैशाखातल्या कोरड्या दुपारी आणि श्रावणातल्या ओलसर सकाळी एकाच केबलचे वाचन सहसा सारखे येत नाही. तरीही एका ठिकाणी, मागचे आकडे जसेच्या तसे उतरवलेले रजिस्टर मी पाहिले आहे आणि त्यावर वरिष्ठांची सहीही होती. ते अणुवीज केंद्र नव्हते, पण सवय माणसाची असते आणि ती इंधन पाहून बदलत नाही.

मी अणुविजेचा विरोधक नाही. तारापूरची पहिली दोन युनिट 1969 पासूनची आहेत, काकरापारची जुनी दोन 1990 च्या दशकातली आहेत, आणि इन्सुलेशन उष्णतेने व वयाने कडक होऊन तडकते; ही झीज यंत्र बंद असतानाही थांबत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाने या दोन्ही केंद्रांतील सुरक्षेशी संबंधित केबल किती जुन्या आहेत, त्यांची शेवटची चाचणी कोणी आणि केव्हा घेतली, डिझेल जनित्रे व ब्रेकर चाचणीत किती वेळा अडले आणि त्यानंतर काय बदलले, याची माहिती दरवर्षी मराठीत व गुजरातीत प्रसिद्ध करावी. चाचणीच्या वेळी बाहेरच्या संस्थेचा तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर असावा आणि मूळ वाचन त्याच्या सहीने नोंदले जावे. आपल्या लोकप्रतिनिधींनी संसदेत हा प्रश्न एवढ्याच तपशिलाने विचारावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त विद्युत तंत्रज्ञ, भुसावळ