जीएची पुडी आणि पांडवलेण्यातलं व्याज

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेत जीएची, म्हणजे घड लांबवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडची फवारणी होती. पुतण्या अकरावीला आहे, दहावीला गणितात ९४ गुण. त्याला म्हटलं, डोस १० पीपीएमचा, टाकी २०० लिटरची, पुडी १ ग्रॅमची, तर पुड्या किती सोडू? त्याने आधी मोबाइल काढला. मग म्हणाला, "काका, हे गणितात नव्हतं. हे केमिस्ट्रीत येतं."

पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. लिटरभर पाण्यात १ मिलिग्रॅम पडलं की १ पीपीएम. त्या हिशेबाने २०० लिटरला २००० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोन पुड्या. पावडर आधी थोड्या ॲसिटोनमध्ये विरघळवायची, कारण ती थेट पाण्यात नीट विरघळत नाही. एवढीच काय ती केमिस्ट्री, बाकी सगळं सातवीतलं त्रैराशिक. पण तेच चुकलं तर बाग सोडत नाही. एका वर्षी २०० लिटरच्या पुड्या मी स्वतःच १०० लिटर पाण्यात सोडल्या होत्या. घड लांबून असे वेडेवाकडे झाले की व्यापाऱ्याने क्रेट उचलून बघितला आणि काही न बोलता खाली ठेवला.

पोराला मी रागावलो नाही. शाळेत गणिताची वही वेगळी, विज्ञानाची वेगळी आणि इतिहासाची तर बेंचच्या पार दुसऱ्या टोकाला. एका वहीतलं दुसऱ्या वहीत चालतं, हे त्याला सांगणार कोण?

इतिहासाचं नाव काढलं त्याला कारण आहे. धाकट्या पुतणीची सहल नाशिकच्या पांडवलेण्यांना जाऊन आली. वहीत लिहून आणलं, 'लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. शिल्पकला सुंदर आहे.' मी तिला विचारलं, दहाव्या लेण्यातलं व्याजाचं गणित दाखवलं का? तिला वाटलं काका थट्टा करताहेत.

नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख तिथे भिंतीवर कोरलेला आहे. त्याने ३००० कार्षापणं (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. २००० वर महिन्याला शेकडा एक व्याज, उरलेल्या १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला राहणाऱ्या २० भिक्षूंना त्या २००० च्या व्याजातून प्रत्येकी १२ कार्षापणं वस्त्रासाठी द्यायची. आता करा हिशेब. महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० बरोबर १२. शिल्लक काही राहत नाही.

पुतणीला कागद-पेन्सिल दिली तर ती दरावरच अडली. पुस्तकात द.सा.द.शे. असतं आणि इथे दर महिन्याचा. म × द × क भागिले १०० तोंडपाठ, पण शेकडा एक महिना म्हणजे द.सा.द.शे. १२ हे लक्षात यायला दहा मिनिटं गेली. आमच्याकडे उसनवारीत आजही 'शेकडा दोनने घेतले' असंच म्हणतात, हे तिने घरात शंभरदा ऐकलं असेल. मूळ लेखात पाऊणला 'पायून' असा शब्द आहे. माझ्या आजोबांची पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ होती: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. आमच्या पिढीने ती सोडली, पोरांना तर नावही माहीत नाही. १००० चं व्याज मात्र तिने एकटीने काढलं, महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. वर विचारते कशी, "मुद्दल परत मागितलंच नाही, मग ते पैसे गेले कुठे?" असा प्रश्न सहलीच्या वहीत उतरला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

तसं नाशिकला गणिताचं वावडं कधी नव्हतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक पुतण्याने मोबाइलवर पाहिलेला, पण हा माणूस आपल्याच देवळालीचा हे त्याला माहीत नव्हतं. ३५२४ घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा: ३०८७. पुन्हा तसंच: ८३५२. पुन्हा: ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. बागेत याचा काडीचा उपयोग नाही, पण त्या दिवशी जेवायला हाका मारून मारून वहिनी थकल्या.

शाळेच्या पालकसभेत मी सुचवलं की सहलीला गणिताच्या बाईंनाही न्या. उत्तर आलं, पोर्शन पूर्ण होत नाही. व्याजाचा धडा पोर्शनमध्येच आहे, असं मी म्हणालो, तोवर गणवेशाचा विषय सुरू झाला होता. डिसेंबर-जानेवारीत जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांच्या बसगाड्या पांडवलेण्याच्या पायथ्याशी लागतील. त्यात एक जागा गणिताच्या शिक्षकांसाठी ठेवा आणि दहाव्या लेण्यासमोर मुलांना अर्धा तास बसवा, एवढंच मुख्याध्यापकांना आपल्या दैनिकामार्फत सांगायचं आहे. फळा न्यायची गरज नाही, उदाहरण भिंतीवरच आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
मखमलाबाद, नाशिक