लहान बोअर म्हणजे नवख्याची बंदूक नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या खारींच्या शिकारीवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख रंजक आहे, पण ‘.४१० बोअरची बंदूक हलकी, धक्का कमी, म्हणून शिकाऊ पोरांसाठी उत्तम’ हे वाक्य खटकलं. पोराच्या खांद्याला ती सोपी जाते, हे खरं. तिने खार मारणं मात्र सोपं नाही.

सगळा खेळ छर्‍यांचा, म्हणजे काडतुसातल्या शिशाच्या बारीक गोळ्यांचा आहे. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचं माप; .४१० ची नळी जेमतेम १०.४ मिलिमीटरची. तिच्या अडीच इंची काडतुसात साधारण अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम शिसं मावतं. बर्‍याच रुंद नळीच्या बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसात याच्या दुपटीहून जास्त असतं. सहा नंबरच्या आकाराचे छर्रे घेतले तर अर्ध्या औंसात ते शंभराच्या थोडे वर भरतात. फुल चोक असला, म्हणजे नळीचं तोंड चांगलं आवळलेलं असलं, तर पंचवीसेक यार्डांपर्यंत ते दाट पडतात, पुढे विरळ होत जातात, आणि मूठभर अंगाच्या खारीला दोन-तीनच लागतात. ती खाली पडत नाही. फांदीवरून सरपटत ढोलीत शिरते आणि आत मरते. खाली उभ्या असलेल्या पोराला वाटतं, नेम चुकला. अंतर न चुकता ओळखणार्‍या आणि लांबची खार सोडून देणार्‍या मुरलेल्या शिकार्‍याचं हे हत्यार आहे. शिकाऊ पोराला धक्क्याचीच भीती असेल तर २८ गेजची बंदूक द्यावी, तिची नळी .४१० पेक्षा रुंद. पाऊण औंस छर्रे, आणि खांदाही शाबूत.

‘खरा शिकारी .२२ रायफलच वापरतो’ हा लेखकाचा टोमणाही अर्धवट आहे. हिकरीच्या झाडाला पानं दाट असताना रायफल आभाळाकडे रोखून झाडायची, तर नेम हुकल्यावर तिची एकुलती गोळी मैलभर सहज जाते. कुठे पडेल, कोण सांगणार? बारीक छर्‍यांचा जोर काहीशे यार्डांत संपतो. पानगळीनंतर रायफल काढावी, त्याबद्दल वाद नाही.

लेखासोबतच्या चित्रात ओकच्या पार शेंड्यावर खार, खाली दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि त्याच्या हातात .४१०. अंतर चाळीस यार्डांच्या खाली नसावं. निदान ते चित्र तरी पुढच्या भागात बदला.

— एक नियमित वाचक